पाकीट संपलं म्हणालात

मधुभाऊ,

गेल्या रविवारी सकाळी मी सवयीने स्कूटर काढली, काठ्या आडव्या बांधल्या आणि तुमच्या दारासमोर येऊन दोनदा हॉर्न वाजवला. वर गॅलरीत शैलाताई आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि मी काय करून बसलोय ते दोघांनाही एकदमच कळलं. तुमचा तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता. मी खाली मान घालून स्कूटर वळवायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "आता आलाच आहात तर चहा घेऊन जा."

चहा घेताना त्या तुमच्या खुर्चीकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "आपण घाई केली का हो, अरविंदराव? त्यांचं मन नव्हतं. आपण दोघांनी मिळून त्यांना ढकललं. ते ऑपरेशन नसतं केलं, तर निदान अजून काही महिने तरी इथे बसून जेवले असते." मी नगरपालिकेच्या पाणीखात्यातला कारकून. दिवसभर लोकांना उत्तरंच देत असतो. पण हाच प्रश्न माझ्याही पोटात होता. तो तुम्हालाच विचारावा म्हणून त्या दिवशी लिहायला बसलो आणि नुसतं 'मधुभाऊ' लिहून उठलो. त्यानंतर एक गोष्ट घडली. ती क्रमानेच सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, "अरविंदराव, मासा आधी आणि गळ मागून, असं नका सांगू."

आपण साडू. दोन सख्ख्या बहिणी आपल्या दोघांच्या घरी आल्या, एवढंच आपलं नातं. साडू-साडूंमध्ये काय चालतं ते मी लहानपणापासून पाहिलेलं. सासुरवाडीला मान कोणाला जास्त, कोणाच्या ताटात तुकडी मोठी, याच्यावर त्यांची आयुष्यं जातात. माझ्या लग्नात तुम्ही मला बाजूला घेतलंत तेव्हा वाटलं, झालं, आता हे पगार विचारणार. तुम्ही विचारलंत, "गळ टाकता का कधी?" मी म्हटलं, लहानपणी कामवारी नदीत टाकलाय. तुम्ही तिथूनच सासऱ्यांना सांगितलंत, "मुलगा चांगला आहे." अक्षता पडून झाल्या होत्या, त्यामुळे त्या शिफारशीचा मला काही उपयोग नव्हता. पण मी खूश झालो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तेव्हापासून रविवार आपला. मी पुढे, तुम्ही मागे काठ्या सांभाळत, धामणकर नाक्यावरून मानकोलीच्या खाडीवर. शैलाताई आणि सुमन आपल्या नावाने बोटं मोडायच्या आणि दुपारी आपणच आणलेला जिताडा तळायच्या. सुमन तर म्हणायची, "माझं लग्न ठरवताना यांचंही ठरवलं होतं वाटतं, भाऊजींशी." तुम्ही हसायचात आणि ताट पुढे करायचात.

आणि मग ते रबर आलं. तुमचा धाकटा भाऊ सुरेश बोटीवर नोकरीला. त्याने एका सुट्टीत अमेरिकेतून पाकिटं आणली. वर रुंद जबड्याचा एक हिरवट मासा छापलेला. तुम्ही त्याला बराच वेळ न्याहाळलंत आणि म्हणालात, "आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ." आत रबरी गांडुळं. जांभळी, काळी, विटकरी. मऊ, लिबलिबीत, जिवंत असल्यासारखी थरथरणारी. वास बडीशेपेचा. मी म्हटलं, माशांना जेवणानंतर मुखवास द्यायची पद्धत दिसते तिकडे. सुरेश म्हणाला, "दादा, त्या लोकांकडे काठी वर्षानुवर्षं टिकते, गळ टिकतो, शिसं टिकतं. संपतं ते फक्त हे. मासा लागला तरी फाटतं आणि नाही लागला तरी फाटतं. म्हणून ते ढिगाने घेतात."

तसंच होतं ते. वळणदार शेपटीची सगळ्यात आधी जायची. आपल्या खाडीत केंड मासा म्हणजे पक्का दरोडेखोर, गळाला शिवायचाही नाही, नुसती शेपटी कात्रीने कापल्यासारखी कापून न्यायचा. शेपटी गेली की उरलेलं रबर पाण्यात काठीसारखं ताठ चालायचं आणि जिताडा त्याच्याकडे ढुंकून बघत नसे. सरळ, जाड असायची ती जरा पुरायची. पण दगडांवरच्या कालवांच्या धारदार शिंपल्यांना घासली की तीही उभी चिरत. सकाळी पूर्ण पाकीट घेऊन गेलेले आपण दुपारी चिंध्या घेऊन परत यायचो.

तुमचा त्याच्यावर जीव होता, म्हणूनच तो घोळ झाला. पाकिटात कोंबून ठेवलेली गांडुळं तुम्हाला बघवेनात. कवळीला लावायचे तयार दात ज्यात यायचे ते कप्प्याकप्प्यांचे पारदर्शक डबे तुमच्याकडे होते. त्यात तुम्ही रंगवार गांडुळं लावून ठेवलीत, झाकण लावलंत आणि मला दाखवून म्हणालात, "याला म्हणतात व्यवस्था." पावसाळ्यात तो डबा तसाच राहिला. उघडायला गेलो तर झाकण उघडेना. रबराने डबा खाल्ला होता. प्लॅस्टिक पाघळलेलं, रबर त्यात मुरलेलं, जांभळा काळ्यात शिरलेला, आणि सगळं मिळून बिघडलेल्या वडीसारखा एक चिकट गोळा. मी इतका हसलो की तुमच्या लॅबखालच्या कारखान्यातून उस्मानभाई वर आले. तुम्ही मात्र तो गोळा हातावर घेऊन दाबून बघत होतात. म्हणालात, "मेलं नाहीये हे. नुसतं आकार विसरलंय."

तुमची ती लॅब. धामणकर नाक्यावर उस्मानभाईंच्या लूमच्या कारखान्यावरची ती खोली. गावातले दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि तुम्ही कवळ्या करून द्यायचात. खाली लूम दिवसभर खडखडायचे, जमीन थरथरायची, आणि तुमच्या हातातली मेण कोरायची सुरी जराही हलायची नाही. त्याच सुरीने, त्याच दिव्यावर तुम्ही तो गोळा वितळवलात. एका धड उरलेल्या गांडुळाचा प्लॅस्टरमध्ये साचा काढलात आणि त्यात ओतलंत. धूर खाली गेला. उस्मानभाई पुन्हा वर आले. "मास्टरजी, दाँत जल रहे हैं क्या? कारीगर खाँस रहे हैं." तुम्ही म्हणालात, "उस्मानभाई, केंचुआ पक रहा है." तो भला माणूस दाराला पाठ लावून उभा राहिला आणि साच्यातून गांडूळ निघेपर्यंत हलला नाही.

ओतायची युक्ती सापडली तशी सांधायचीही सापडली. फाटलेल्या दोन कडांमध्ये गरम सुरीचं पातं धरायचं, दोन्ही बाजू पाणी सुटल्यासारख्या झाल्या की पातं काढून घ्यायचं आणि चिमटीत धरून फुंकर घालायची. तुम्ही केलेला सांधा नखाने शोधावा लागायचा. माझ्या सांध्याला गाठ यायची. तुम्ही माझं काम हातात घेऊन म्हणायचात, "हे कोणाच्या तोंडात बसलं तर तो तुमच्यावर केस करेल."

अकलोलीचं सांगू का? ताईंना आणि सुमनला वज्रेश्वरीला जायचं होतं. आपण आनंदाने हो म्हटलं, कारण खाली तानसा वाहते आणि तिच्यात मरळ असते, हे त्यांनी लक्षात घेतलं नव्हतं. देवदर्शन झालं, अकलोलीच्या कुंडांवर आलो. लोक ऊन पाण्यात पाय सोडून बसलेले, कोणी गुडघे शेकतंय, कोणी पाठ. तुम्ही खिशातून रुमालाची एक पुरचुंडी काढलीत आणि हळूच कुंडात सोडलीत. डब्यात वाकडी होऊन बसलेली गांडुळं ऊन पाण्यात सरळ होतात, हे तुम्हाला कुठून कळलं होतं देव जाणे. शेजारच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय औषध हाय का?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "कंबर धरलीय त्यांची." रुमाल उघडला तेव्हा तो म्हातारा अंगावर पाल पडल्यासारखा उडाला. शैलाताई परतीच्या एसटीत आपल्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून हसत होतो आणि तुम्ही मांडीवर रुमाल पसरून, सरळ झालेली गांडुळं पालथी घालून वाळवत होतात.

आपली भांडणंही काही कमी नव्हती. तुम्ही तंबाखू मळलेल्या हाताने रबर गळाला लावायचात. मी म्हणायचो, या वासानेच मासा पळतो. तुम्ही म्हणायचात, मानकोलीचा मासा आहे, बाळारामच्या तंबाखूवर वाढलाय. बाळाराम म्हणजे ज्याच्या होडीवर आपण बसायचो तो; शेतीही त्याची, खाडीही त्याचीच असल्यासारखा वावरणारा. तुम्ही गळाचा तंगूस दातांनी तोडायचात, त्यात वरच्या दाताचा टवकाही उडालेला. दात बनवणारा माणूस दातांनी नायलॉन तोडतो, यावर मी तुम्हाला किती बोललो असेन. तंबाखूवरून मात्र मी फक्त थट्टा केली. तेव्हा थट्टेचीच गोष्ट वाटत होती ती.

दिवाळीनंतर तुम्ही एका डॉक्टरांकडे कवळी पोचवायला गेलात आणि त्यांनी तुम्हालाच खुर्चीत बसवलं. गालाच्या आत वरच्या बाजूला काहीतरी होतं. मुंबईला तपासलं, आणि मग ते नाव आलं. हे तुम्ही मला घरी सांगितलं नाहीत. बाळारामच्या होडीच्या काठावर बसून, पाण्याकडे बघत सांगितलंत. टाळूचा भाग काढावा लागेल, जबड्याचाही थोडा. "मी पाट्या केल्यात अशा लोकांसाठी," तुम्ही म्हणालात. "टाळूच्या जागी बसवायला. पाणी प्यायलं की नाकातून येतं त्यांच्या. बोललेलं बायकोलासुद्धा कळत नाही. माप घ्यायचं म्हणून मी त्यांच्या तोंडात बघतो, अरविंदराव. बाकी कोणी बघत नाही."

मी म्हटलं, मी बघेन. तुम्ही ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं असेल.

डॉक्टर म्हणत होते लवकर या. ताई रोज विचारायच्या, कधी जायचं. तुम्ही आज-उद्या करत होतात. शेवटी एका रविवारी मी चिडलो. तुमची बोलती बंद होईल इतका चिडलो. तेव्हा तुम्ही डब्यातून सुरेशने आणलेलं शेवटचं, न फोडलेलं पाकीट काढलंत. बोटीवरची नोकरी सोडून तो घरी आला होता, म्हणजे यापुढे पाकिटं येणार नव्हती. "हे संपलं की जातो," तुम्ही म्हणालात. "एवढे रविवार द्या मला." मी तुम्हाला ओळखून होतो. म्हटलं, कबूल, पण ओतायचं नाही आणि सांधायचं नाही. फाटलं ते गेलं. तुम्ही हात पुढे केलात. बाळाराम साक्षीला होता. तो म्हणाला, "मंग ता रबर किती टिकतंय? केंडच खाऊन टाकल." मलाही तसंच वाटलं. फार तर महिना, असा माझा हिशेब होता.

पण तुम्ही असे खेळायला लागलात की बघत राहावं. दगडांच्या बाजूला टाकायचं नाही, केंड दिसला की ओढून घ्यायचं, एका गांडुळाची दोन करून लावायची. मासे मिळेनात आणि पाकीट हलेना. माघ उजाडला. तुमचा गाल बाहेरून दिसायला लागला. ताई मला आत बोलावून म्हणाल्या, "काहीतरी करा." आम्ही दोघांनी ठरवलं ते हेच, की पाकीट मी संपवायचं.

मग मी नेम धरून कालवांवर टाकायला लागलो. दगडात रुतलं की झटका देऊन तंगूस तोडायचो. धड गांडुळाला डब्यातून काढतानाच नखाने चीर द्यायचो आणि फाटलं म्हणून मागे तिवराच्या झाडीत भिरकावायचो. तुमच्या डोळ्यांदेखत तुमची लाडकी गोष्ट फाडत होतो आणि वर तोंडाने म्हणत होतो, "च्यायला, आज नशीबच नाही." एकदा तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "हात बिघडला तुमचा, अरविंदराव." मी म्हटलं, चष्मा बदलायला झालाय. तुम्ही 'हं' म्हणालात आणि पुन्हा पाण्याकडे वळलात.

होळीच्या आधीचा रविवार. बोललेलं आता तुम्हाला दुखत होतं. तुम्ही डबा उघडलात, रिकामं पाकीट उलटं करून झटकलंत, त्याची बारीक घडी करून खिशात घातलीत. "संपलं," म्हणालात. "उद्या नाव घाला हॉस्पिटलात." मी घाईघाईने काठ्या आवरल्या. तुम्ही थोडा वेळ उभे होतात. भरती लागली होती, दगड बुडत चालले होते. बाळारामला हात करून तुम्ही स्कूटरवर मागे बसलात.

पुढचं काय सांगायचं, ते तुम्ही भोगलंत. ऑपरेशन झालं. गाठ मानेतही गेली होती, तीही काढली म्हणाले. तुमचं बोलणं गेलं. मी भेटायला आलो की तुम्ही पांघरुणावर दोन बोटांनी रीळ फिरवून दाखवायचात आणि भुवया उंचवायचात. मी म्हणायचो, जाऊ की, टाके निघू देत. मग ताप आला, छातीत कफ झाला, आणि टाके निघायच्या आधीच तुम्ही गेलात. मी तुमच्या तोंडात बघेन म्हटलं होतं. तेवढीही वेळ तुम्ही येऊ दिली नाहीत.

आता घडलेली गोष्ट.

ताईंनी मला लॅबची किल्ली दिली. खोली उस्मानभाईंना परत द्यायची, तेवढं आवरून द्या, म्हणाल्या. काल दुपारी गेलो. उस्मानभाई खालीच भेटले. ते नुसतं "जाइए" म्हणाले आणि जिन्याखालच्या लूमचा खटका बंद केला, म्हणजे वर मला जरा शांतता मिळावी.

फळीवर नेहमीसारखे प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले. कोणाकोणाच्या तोंडाचे. मी ते पोत्यात भरायला घेतले आणि एक हातात थांबला. वरच्या पुढच्या दाताला टवका होता. मधुभाऊ, तो टवका मी कुठेही ओळखेन, वीस वेळा मी त्याच्यावरून तुम्हाला शिव्या दिल्यात. ऑपरेशनला जाण्याआधी तुम्ही तुमच्याच तोंडाचं माप घेऊन ठेवलं होतंत. टाळू अख्खी होती तेव्हाचं. पुढे पाटी करावी लागेल तेव्हा कामाला येईल म्हणून. म्हणजे तुम्ही परत येणार होतात. तोंडाने पाणी पिणार होतात. मी तो जबडा घेऊन तुमच्या स्टुलावर बसलो आणि मला रडू आवरेना.

मग त्याच्या मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिसला. पत्र्याचा, प्लॅस्टिकच्या डब्याने एकदा शहाणपण शिकवलं होतं. उघडला तर आत शंखजिऱ्याची पूड भुरभुरलेली आणि त्यात ओळीने निजवलेली गांडुळं. जांभळी, काळी, विटकरी. शेवटच्या पाकिटातली. एक उचललं. मधोमध केसाएवढी चकाकी होती. दुसऱ्यालाही. तिसऱ्याच्या डोक्याजवळ नखाची चीर होती, ती माझ्या नखाची, आणि तिच्यावरून तुमचा सांधा गेला होता. सगळीच्या सगळी सांधलेली. कालवांवर चिरलेली, तिवरात फेकलेली, मी गेली म्हणून सोडून दिलेली.

मी तसाच मानकोलीला गेलो. बाळाराम जाळं सुकवत होता. त्याला डबा दाखवला तर त्याने मान खाली घातली.

"मास्तर येवाचे ना मधल्या वारी," तो म्हणाला. "सुकतीला, पानी गेला का. चपला हातान, चिखलान उतराचे, दगरावरशी रबर सोरवाचे. तिवरान बी हुरकाचे."

"आणि तू मला बोलला नाहीस?"

"मी त्यांना बोललू, सायबाला सांगू का, तो नीट टाकत न्हाय म्हनून. तर हसले. बोलले, त्याचा नेम बराबर हाय, बाळाराम. त्याला काय सांगू नको."

दुखऱ्या तोंडाने, भरदुपारी, गुडघाभर चिखलात तुम्ही माझा कावा वेचत फिरलात. घरी नेऊन दिव्यापुढे बसून तो सांधलात. आपली अट मोडून हे करत होतात म्हणून मला राग यायला हवा होता, पण एकदा सांधून झाल्यावर तुम्ही त्यातलं एकही खाडीवर आणलं नाहीत. फाटकं तसंच पडू देणं तुमच्या हातांना जमलं नसेल. आणि मग ही भरलेली ओळ इथे निजवून तुम्ही रिकामं पाकीट घेऊन आलात, ते माझ्यासमोर झटकलंत, आणि संपलं म्हणालात.

संध्याकाळी डबा ताईंकडे नेला. त्या भाजी निवडत होत्या. मी वर्तमानपत्र पसरून त्यावर गांडुळं मांडली आणि काय ते सांगितलं. या वस्तूंची त्यांना इतकी वर्षं किळस होती. त्यांनी पदराला हात पुसला, एक उचललं आणि सांध्यावरून नख फिरवलं.

"किती पुरली असती ही?" त्यांनी विचारलं.

"ते खेळत होते तसेच खेळले असते तर पावसाळ्यापर्यंत."

"म्हणजे संपलं नव्हतं."

"नाही."

त्यांनी ते रबर तसंच चिमटीत धरून ठेवलं. तुम्ही गेल्यापासून ताई लोकांसमोर रडल्या नव्हत्या. "मग आपण नाही ढकललं," त्या म्हणाल्या. "आपल्या पायांनी गेले ते." आणि तोंडावर पदर घेतला. सुमनने येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी गांडुळं पुन्हा पुडीत निजवत राहिलो, कारण मला दुसरं काही करता येईना.

घाई झाली की उशीर झाला, ते मला अजूनही कळत नाही, मधुभाऊ. आणि आता ते सांगायला तुम्ही नाही. आपलं हे एक भांडण असंच राहणार. तुम्ही आमच्यासाठी गेलात, की आता जायलाच हवं हे तुमचं तुम्हाला पटलं होतं, की दोन्ही, याचाही मला थांग लागत नाही. मी तुम्हाला सोळा आणे ओळखतो अशी माझी घमेंड होती. ती तुम्ही बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवलीत.

एका गोष्टीची मात्र काल रात्रभर लाज वाटली आणि हसूही आलं, आणि ती तुमच्याखेरीज कोणाला सांगण्यासारखी नाही. त्या शेवटच्या रविवारी परत येताना मला वाटत होतं, मी जिंकलो. युक्ती लागू पडली, माणूस हाती लागला, आता सगळं नीट होणार. मानकोलीपासून धामणकर नाक्यापर्यंत मी स्कूटर चालवत शीळ घालत होतो. तुम्ही मागे काठ्या धरून बसला होतात, माझ्या खांद्यावर एक हात ठेवून, आणि सगळा वेळ ती ऐकत होतात.